बिलावरचा ‘गुणक अवयव’ येतो कुठून? जिनिंगच्या पॅनेलमधली सीटी आणि ती निवडण्याचा हिशेब

महावितरणच्या बिलावर चालू रीडिंग आणि मागील रीडिंग यांच्या शेजारी ‘गुणक अवयव’ नावाचा एक रकाना असतो. घरगुती बिलात तिथे १ छापलेला असतो, त्यामुळे त्याकडे कोणी बघत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या बिलावर मात्र तिथे ६० असू शकतो, २०० असू शकतो. म्हणजे मीटरचा काटा एका युनिटने पुढे सरकला की बिलात साठ किंवा दोनशे युनिट धरायची.

हा आकडा कोणी मनाने ठरवत नाही. तो येतो मीटरच्या मागे बसवलेल्या एका कड्यासारख्या वस्तूवरून. तिचे नाव करंट ट्रान्सफॉर्मर, बोलीभाषेत सीटी. वायरमन ‘सीटी उडाली’ म्हणतो तेव्हा तो कुकरबद्दल बोलत नसतो, याच वस्तूबद्दल बोलत असतो.

मीटर कितीही महागाचा घेतला तरी त्याला दिसतो तो सीटीने दाखवलेला करंट. सीटीने शंभराचे अठ्ठ्याण्णव सांगितले तर मीटर प्रामाणिकपणे अठ्ठ्याण्णवच मोजणार. तरीही कारखान्यात पॅनेल बनवून घेताना मीटर कोणत्या कंपनीचा हे सगळे विचारतात, सीटी कोणत्या वर्गाची हे फार थोडे जण विचारतात.

सीटी नेमके काय करते?

जाड केबलमधून २५० अँपिअर वाहत असतील तर ती केबल थेट मीटरमध्ये घालता येत नाही. म्हणून ती केबल किंवा बसबार लोखंडी गाभ्याच्या कड्यातून आरपार नेतात. कड्यावर बारीक तांब्याच्या तारेचे वेढे असतात. मुख्य तारेतल्या करंटमुळे गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि वेढ्यांमधून त्याच प्रमाणात लहान करंट वाहू लागतो. ३००/५ असे लिहिलेल्या सीटीत मुख्य तारेतून ३०० अँपिअर गेले की मीटरच्या तारेतून ५ अँपिअर जातात. १५० गेले की अडीच. ३०० भागिले ५ म्हणजे ६०, आणि तोच बिलावरचा गुणक.

उच्चदाब म्हणजे ११ हजार व्होल्टच्या ग्राहकाकडे करंटबरोबर दाबही लहान करावा लागतो. त्यासाठी पीटी म्हणजे पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर असतो. तो ११,००० व्होल्टचे ११० करतो, म्हणजे शंभराने भाग. सोबत १०/५ ची सीटी असेल तर तिचा भाग २. दोन्हींचा गुणाकार २००. मीटर ५ अँपिअर आणि ११० व्होल्टवर मोजणारा असेल तर बिलावर हाच आकडा यायला हवा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. बिलाच्या मीटरची सीटी महावितरणच्या नियमाप्रमाणे, त्यांच्या चाचणीनंतर आणि त्यांच्या सीलखाली बसते. तिला हात लावणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा ठरू शकतो. ग्राहकाच्या हातात निवड असते ती आतल्या मापनाची: चेक मीटर, विभागवार मीटर, कपॅसिटर पॅनेल, सोलरचा मीटर. पण बिलाची सीटी कशी आहे हे कळायलाही हाच हिशेब लागतो.

चार महिने धडधड, आठ महिने शुकशुकाट

सीटी निवडण्याची पुस्तकी रीत सोपी आहे. सर्वांत जास्त करंट काढायचा आणि त्याच्या लगेच वरचे माप घ्यायचे. बारा महिने सारख्याच भाराने चालणाऱ्या कारखान्याला, किंवा वणी भागातल्या कोळसा खाणीसारख्या रात्रंदिवस चालणाऱ्या जागेला, ही रीत पुरते. जिनिंगला ती पुरत नाही.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. सीतादही करून वेचणी सुरू झाली, दिवाळीच्या आसपास गाड्या लागल्या की यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, आर्णी या भागांतल्या जिनिंग सुरू होतात. रुई वेगळी, सरकी वेगळी, मग प्रेसमध्ये १७० किलोच्या गाठी. उन्हाळा लागता लागता आवक आटते आणि पट्टे उतरवले जातात. पावसाळ्यात त्याच आवारात चालू असतो तो ऑफिसचा पंखा, आवारातले दिवे, बोअरचा पंप आणि कॅमेरे.

आता आकडे धरून पाहू. समजा एका जिनिंगची हंगामातली कमाल मागणी १८० केव्हीए आहे आणि पुरवठा ४१५ व्होल्ट, थ्री फेज. १,८०,००० ला ४१५ ने आणि १.७३२ ने भागले की येतात साधारण २५० अँपिअर. बिनहंगामात तीच मागणी ३ केव्हीएवर येते, म्हणजे जेमतेम ४ अँपिअर. एकाच सीटीने २५० ही मोजायचे आणि ४ ही मोजायचे.

इथे पॅनेलवाल्याचा नेहमीचा सल्ला असतो: “पुढे मशीन वाढतील, ६००/५ टाकून ठेवा.” भाव जवळपास सारखाच, म्हणून मालकालाही पटते. पण ६०० च्या सीटीवर ४ अँपिअर म्हणजे तिच्या क्षमतेच्या एक टक्क्याहूनही कमी. गाभ्याला चुंबकित करायलाच थोडा करंट खर्च होतो. मुख्य करंट मोठा असतो तेव्हा तो खर्च जाणवत नाही, पण करंट आटला की त्याचाच वाटा मोठा होतो आणि मापन बिघडते. आपल्या उदाहरणात ३००/५ योग्य. हंगामात ती ८३ टक्क्यांवर चालेल. मापनाच्या सीटीची अचूकता नेहमी १२० टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे ३६० अँपिअरपर्यंत, बांधलेली असते. मशीन वाढण्याची खात्रीच असेल तर १५० किंवा २०० टक्क्यांपर्यंत हमी असलेली सीटी मागवता येते. आकडा फुगवण्यापेक्षा तो मार्ग चांगला.

मोटार सुरू होताना सहापट करंट घेते म्हणून मोठी सीटी हवी, हाही एक गैरसमज आहे. ते काही सेकंदांचे काम. युनिटच्या हिशेबात त्याला जागा नाही.

०.५ आणि ०.५एस: एका अक्षराची किंमत

सीटीच्या पाटीवर ‘वर्ग ०.५’ किंवा ‘वर्ग १’ असे लिहिलेले असते. ०.५ वाचून बहुतेकांना वाटते की चूक कायम अर्ध्या टक्क्याच्या आत राहील. तसे नाही. भारतीय मानक आयएस १६२२७ (त्याआधीचे आयएस २७०५) आणि आंतरराष्ट्रीय मानक यांत ही हमी पायऱ्यापायऱ्यांनी दिलेली आहे.

वर्ग ०.५ ची सीटी पूर्ण करंटवर अर्ध्या टक्क्याच्या आत चुकते. करंट २० टक्क्यांवर आला की तिला पाऊण टक्का चुकायची मुभा आहे, आणि ५ टक्क्यांवर दीड टक्का. ५ टक्क्यांच्या खाली मानक काहीच बोलत नाही. म्हणजे ३००/५ च्या सीटीत १५ अँपिअरच्या खाली ती किती चुकते हे कोणी लिहून दिलेले नाही. आपली जिनिंग आठ महिने ४ अँपिअरवर आहे.

इथे ‘एस’ हे अक्षर कामाला येते. वर्ग ०.५एस ची हमी थेट १ टक्क्यापासून सुरू होते: १ टक्क्यावर दीड, ५ टक्क्यांवर पाऊण, २० टक्क्यांपासून पुढे अर्धा. ३००/५ मध्ये १ टक्का म्हणजे ३ अँपिअर, आणि ४ अँपिअर त्याच्या आत बसतात. ०.२एस त्याहून काटेकोर: १ टक्क्यावर पाऊण, ५ टक्क्यांवर ०.३५, २० टक्क्यांपुढे ०.२.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटर नियमांत बिलाच्या मीटरसाठी किमान दर्जा ठरवलेला आहे. ६५० व्होल्टपर्यंत वर्ग १ किंवा चांगला, त्यावर ३३ हजार व्होल्टपर्यंत ०.५एस किंवा चांगला, त्याहून वर ०.२एस. सीटी आणि पीटीचा वर्ग मीटरच्या वर्गाहून हलका असता कामा नये, असेही तिथे म्हटले आहे. हे शेवटचे वाक्य आतल्या मापनालाही लावून घ्यावे. ०.५एस चा मीटर आणि वर्ग १ ची सीटी ही जोडी पॅनेलांमध्ये सर्रास सापडते, आणि त्यात मीटरवर घातलेला जादा पैसा वाया जातो.

पाटीवर ‘५पी१०’ किंवा ‘५पी२०’ दिसले तर ती सीटी मापनाची नाही, संरक्षणाची आहे. तिचे काम उलट असते. शॉर्ट सर्किट झाल्यावर करंट दहापट-वीसपट झाला तरी तिने तो रिलेला नीट सांगायचा असतो, म्हणून ती रोजच्या मापनात ढोबळ असते. मापनाच्या सीटीने मात्र अशा वेळी लवकर संपृक्त व्हायचे असते, म्हणजे मीटर जळत नाही. ‘एफएस ५’ हा आकडा त्याबद्दल आहे: करंट साधारण पाचपट झाला की सीटी पुढचे दाखवायचे थांबवते. जुन्या स्टोअरमध्ये पडलेली संरक्षणाची सीटी ‘आहेच तर लावून टाकू’ म्हणून मीटरला लावणे हा काटकसरीचा चुकीचा प्रकार.

कोन सरकतो तेव्हा

करंटच्या आकड्यात चूक होते हे समजायला सोपे आहे. दुसरी चूक लपलेली असते. सीटीतून बाहेर येणारा करंट मूळ करंटच्या तुलनेत वेळेत किंचित सरकलेला असतो. हे सरकणे अंशाच्या साठाव्या भागात, म्हणजे मिनिटांत मोजतात. वर्ग ०.५ ला पूर्ण करंटवर ३० मिनिटे म्हणजे अर्धा अंश सरकण्याची परवानगी आहे, ५ टक्के करंटवर ९० मिनिटे म्हणजे दीड अंश.

अर्ध्या अंशाने काय होते? वीज मोजताना करंट, व्होल्ट आणि त्यांच्यातल्या कोनाचा कोसाइन असा तिहेरी गुणाकार असतो. पॉवर फॅक्टर १ च्या जवळ असेल तर अर्ध्या अंशाने जवळपास काहीच बिघडत नाही. पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर सुमारे ०.३ टक्के फरक. तोच ०.५ असेल तर दीड टक्का. आणि अर्धवट भाराने फिरणाऱ्या मोटारींचा पॉवर फॅक्टर ०.३ वर आला, करंटही ५ टक्क्यांवर असला, तर दीड अंशाचे सरकणे आठ टक्क्यांच्या वरची चूक करू शकते. तीही करंटच्या आकड्यातली चूक वेगळी धरून.

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे आभासी युनिटवर आले. त्या हिशेबात कोनाला थेट जागा नाही, व्होल्ट आणि करंटच मोजले जातात. म्हणून अशा बिलावर सीटीच्या कोनाच्या चुकीचा परिणाम नगण्य आणि करंटच्या चुकीचा परिणाम पुरेपूर होतो. पण हेच बिल कमी ठेवायचे तर पॉवर फॅक्टर १ च्या जवळ राखावा लागतो, आणि तो राखणारे कपॅसिटर पॅनेल स्वतःच्या सीटीवरूनच कोन ओळखते. त्या रिलेला वर्ग १ ची सीटी पुरते. तिथे वर्गापेक्षा जागा महत्त्वाची: ती मुख्य पुरवठ्यावर, कपॅसिटरच्या जोडणीच्या अलीकडे बसली पाहिजे. फक्त मोटारींच्या बाजूला बसवली तर आपण टाकलेले कपॅसिटर तिला कधी दिसतच नाहीत आणि रिले एकामागून एक कपॅसिटर चढवत राहतो.

मीटर ऑफिसात हवा, आणि बर्डनचा घोळ

सीटीच्या पाटीवर ‘५ व्हीए’ किंवा ‘१५ व्हीए’ असा एक आकडा असतो. त्याला बर्डन म्हणतात: सीटीने मागे किती ओझे ओढावे याची मर्यादा. हे ओझे मीटरचे कमी आणि तारेचे जास्त असते, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

मालकाला मीटर डोळ्यांसमोर हवा असतो. पॅनेल शेडमध्ये, ऑफिस २५ मीटरवर. मग अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढून मीटर ऑफिसच्या भिंतीवर लावला जातो. जाऊन-येऊन ५० मीटर तार. या तारेचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम, म्हणजे ५० मीटरला ०.३७ ओहम. ५ अँपिअरचा वर्ग २५, त्याला ०.३७ ने गुणले की ९.२५ व्हीए. इलेक्ट्रॉनिक मीटर स्वतः अर्धा व्हीएही घेत नाही. पण तारेनेच ५ व्हीएच्या सीटीची मर्यादा जवळपास दुप्पट ओलांडली. शेडमध्ये तार ५० अंशांवर तापली तर तांब्याचा रोध आणखी बारा टक्के वाढतो, आणि यवतमाळच्या मे महिन्यात पत्र्याखाली ५० अंश ही काही कल्पना नाही. (तिन्ही फेजचा परतीचा धागा एकच असेल आणि भार समतोल असेल तर त्या धाग्यात करंट फारसा राहत नाही आणि हे ओझे निम्म्यापर्यंत उतरू शकते. पण समतोलावर विसंबून सीटी घेऊ नये.)

यातून सुटायचे मार्ग तीन. तार जाड करावी: ४ चौरस मिलिमीटरला हेच ओझे पावणेसहा व्हीएच्या आसपास येते. किंवा दुय्यम बाजू १ अँपिअरची घ्यावी, म्हणजे ३००/१. एकचा वर्ग एकच, त्यामुळे त्याच तारेचे ओझे ०.३७ व्हीएवर उतरते, अगदी पंचविसावा हिस्सा. मात्र मीटरही १ अँपिअरचा लागतो. तिसरा मार्ग सगळ्यांत सोपा: मीटर पॅनेलमध्येच सीटीपासून दोन मीटरवर ठेवावा आणि ऑफिसात फक्त त्याची माहिती दोन तारांच्या संदेशवाहिनीने न्यावी. नवीन पॅनेल होत असेल तर दुसरे काही करण्याची गरज नाही.

म्हणून १५ व्हीएची सीटी घेऊन मोकळे व्हावे का? तसेही नाही. सीटीची अचूकतेची हमी लिहिलेल्या बर्डनच्या २५ ते १०० टक्क्यांमध्ये असते. १५ व्हीएला खालची मर्यादा पावणेचार व्हीए. मीटर दोन मीटरवर असेल तर प्रत्यक्ष ओझे सव्वा व्हीएच्या आसपास, म्हणजे हमीच्या बाहेर. शिवाय ओझे फार कमी असले की सीटी उशिरा संपृक्त होते, ‘एफएस ५’ चा प्रत्यक्षात कितीतरी मोठा आकडा होतो आणि शॉर्ट सर्किटच्या वेळी मीटरवर जास्त करंट येतो. या जागेला ५ व्हीएची किंवा त्याहून लहान सीटीच बरी.

साठाचे एकशेवीस व्हायला हवे होते

सीटी बरोबर, मीटर बरोबर, तारा बरोबर, आणि तरीही बिल चूक, असे होऊ शकते. भार वाढतो, १०/५ ची सीटी काढून २०/५ ची बसते, पण बिलाच्या प्रणालीत गुणक २०० चा ४०० करायचा राहून जातो. त्या दिवसापासून बिल नेमके निम्मे येते. मालकाला वाटते, कपॅसिटर लावल्याचा फायदा झाला. दोन-तीन वर्षांनी तपासणी पथक येते.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहे, आणि तेही कापसाच्याच धंद्यातले. हरियाणातल्या पानिपतच्या प्रेम कॉटेक्स या सूत बनवणाऱ्या उद्योगाने २००६ मध्ये भार वाढवून घेतला. त्यानंतर गुणक १० ऐवजी ५ च धरला गेला. ते सप्टेंबर २००९ मध्ये उघडकीला आले आणि वीज कंपनीने १ कोटी ३५ लाख रुपयांहून अधिक फरकाची मागणी केली. चूक कंपनीची, मग आम्ही का भरावे, आणि कायद्यात दोन वर्षांची मर्यादा आहे, असा उद्योगाचा मुद्दा होता. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उद्योगाचे अपील फेटाळले. वीज कायद्याच्या कलम ५६(२) मधली दोन वर्षे ही रक्कम ‘पहिल्यांदा देय झाल्यापासून’ मोजायची असतात, आणि बिल दिले जाईपर्यंत ती रक्कम देय झालेली नसते, असा त्यामागचा अर्थ. आधी राहून गेलेल्या आकारणीचे बिल पुढे पाठवणे ही सेवेतली त्रुटी ठरत नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

थोडक्यात, वापरलेल्या विजेचे पैसे चुकीमुळे कमी लागले तर ते पुढे एकरकमी मागितले जाऊ शकतात. तोवर गाठी विकल्या गेलेल्या असतात आणि त्यांचा भाव जुन्या, खोट्या वीज खर्चावर ठरलेला असतो. गाठीमागे किती युनिट लागतात हा आकडा प्रत्येक जिनिंगवाल्याच्या तोंडी असतो. तो एका हंगामात अचानक निम्मा झाला तर आनंद मानण्याआधी बिलावरचा गुणक पाहावा.

उलटेही होऊ शकते, गुणक जास्त लागून बिल फुगू शकते. अशा तक्रारीसाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी उतरंड आहे. विदर्भासाठी लोकपालांचे कार्यालय नागपूरला आहे. या सगळीकडे उपयोगी पडते ती एकच गोष्ट: सीटी बसवली किंवा बदलली त्या दिवसाचा चाचणी अहवाल. त्यावर सीटीचे गुणोत्तर, वर्ग, बर्डन, अनुक्रमांक, सीलचे क्रमांक आणि गुणक लिहिलेला असतो. त्याची प्रत मागून घ्यावी आणि पाटीचा फोटो काढून ठेवावा, कारण पॅनेल बंद झाल्यावर ती पाटी पुन्हा दिसत नाही.

उलटी सीटी, अदलाबदल झालेली सीटी

सीटीवर पी१ आणि पी२ अशी मुख्य बाजूची, एस१ आणि एस२ अशी मीटरच्या बाजूची खूण असते. पी१ पुरवठ्याकडे, पी२ भाराकडे. तीनपैकी एक सीटी उलटी बसली तर समतोल भारावर मीटर एक अधिक एक उणे एक असा हिशेब करतो आणि एक तृतीयांशच युनिट दाखवतो. एका सीटीची तार सुटली तर दोन तृतीयांश. आणि दोन सीटींच्या तारा एकमेकींत बदलल्या, आर फेजची वायकडे गेली, तर चमत्कार होतो: भार समतोल असेल तर तिन्हींची बेरीज शून्य येते. मशीन धडधडत असतात आणि मीटर जागचा हलत नाही. कागदावर कोसाइनचे गणित मांडले की हे दोन ओळीत सिद्ध होते, पण शेडमध्ये उभे राहून तास तास सापडत नाही.

तपासणी अवघड नाही. बहुतेक डिजिटल मीटर प्रत्येक फेजचे वॅट आणि पॉवर फॅक्टर वेगळे दाखवतात. भार चालू असताना तिन्ही आकडे अधिक चिन्हाचे आणि साधारण सारखे असले पाहिजेत. छतावर सोलर असेल तर मात्र उणे चिन्ह हा दोष नसतो. उन्हाळ्यात जिनिंग बंद असताना छतावरची वीज बाहेर जाते, तेव्हा तेच अपेक्षित आहे. सीटी दोन्ही दिशांनी सारखीच मोजते, दिशा ओळखतो तो मीटर. म्हणून सोलरच्या इन्व्हर्टरबरोबर येणाऱ्या सीटीवरचा बाण उलटा बसला की ॲपमध्ये घेतलेली वीज दिलेली दिसते आणि दिलेली घेतलेली.

यात एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. मुख्य तारेत करंट चालू असताना सीटीची मीटरकडची तार कधीही मोकळी करायची नाही. करंटला जायला वाट नसली की सीटी तो पुढे ढकलण्यासाठी दाब वाढवत नेते. मोठ्या सीटीत तो हजारो व्होल्टपर्यंत जातो. माणूस दगावू शकतो, सीटी जळू शकते, वाचली तरी गाभ्यात चुंबकत्व उरून तिचे मापन बिघडू शकते. मीटर बदलायचा असेल तर आधी एस१ आणि एस२ एकमेकांना जोडून टाकायचे, त्यासाठीच टेस्ट टर्मिनल ब्लॉक असतो. आणि कोणी सांगितले तरी सीटीच्या वाटेत फ्यूज घालू नये.

घर, पंप आणि चिमट्याची सीटी

ऑनलाइन मिळणाऱ्या एनर्जी मॉनिटरबरोबर येते ती उघडमीट होणारी, चिमट्यासारखी सीटी. चालू तारेभोवती ती नुसती अडकवता येते, हा तिचा गुण. गाभा दोन तुकड्यांचा असल्याने सांध्यात हवेची फट राहते, कोन जास्त सरकतो आणि सांध्यात कापसाचा तंतू किंवा धूळ अडकली तरी आकडा बदलतो, हा तिचा दोष. एनर्जी ऑडिटला, आठवडाभर वापर बघायला ती चांगली. गाठीमागचा खर्च काढायला घट्ट कड्याचीच घ्यावी.

या छोट्या सीटींवर १०० अँपिअर/५० मिलिअँपिअर असे लिहिलेले असते. शेतातला ५ अश्वशक्तीचा थ्री फेज पंप साधारण साडेसात अँपिअर घेतो, म्हणजे सीटीच्या क्षमतेच्या आठ टक्केही नाही. इथे एक जुनी युक्ती कामाला येते. तार कड्यातून एकदा नेण्याऐवजी पाच वेढे घालून न्यायची. सीटीला साडेसातचे साडेसदतीस दिसतात, ती तिच्या चांगल्या पट्ट्यात येते, आणि आलेला आकडा पाचाने भागला की झाले. वेढे मोजताना कड्याच्या आतून तार किती वेळा गेली ते मोजायचे. बाहेरून मोजले की हमखास एक चुकतो.

अशा सीटीत मिलिअँपिअर बाहेर देणारी आणि ०.३३३ किंवा १ व्होल्ट बाहेर देणारी असे दोन प्रकार येतात. दुसरीत रोधक आतच बसवलेला असल्याने तार सुटली तरी दाब चढत नाही. शाळा-कॉलेजच्या प्रकल्पाला किंवा स्वतः जोडणी करणाऱ्याला तीच घेतलेली बरी. चालू तारेभोवती चिमटा अडकवण्याचे काम मात्र डीपीवर किंवा मुख्य पॅनेलमध्ये करायचे असेल तर ते परवानाधारक वायरमनकडूनच.

जिनिंगमध्ये हे सगळे बघण्याची वेळ पोळा आणि दसरा यांच्या मधली. पट्टे चढायचे असतात, पॅनेल उघडलेलेच असते, टर्मिनलांवर गेल्या हंगामाचे तंतू साचलेले असतात. स्क्रू आवळून, तारा साफ करून, पुरवठा चालू झाल्यावर पहिल्या दिवशीच एखादी ओळखीच्या भाराची मोटार तासभर चालवावी आणि मीटरने दाखवलेली युनिटे, गुणकाने गुणून, त्या मोटारीच्या हिशेबाशी ताडून पाहावीत.